मिनांगकाबाऊ तरुणांचे दोन कायदे



'आदत' हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. हिंदुस्थानी बोलीत त्याचा अर्थ सवय, खोड. शब्द मूळचा अरबी. पण तोच जेव्हा व्यापाऱ्यांच्या आणि फकीर-मौलवींच्या तोंडून समुद्रापार मलाया-सुमात्राकडे गेला, तेव्हा त्याच्या अंगी मोठा भारदस्तपणा आला. तिकडे 'आदात' म्हणजे वाडवडिलांपासून चालत आलेला कायदा. जमीन कोणाची, लग्न कोणाशी, तंट्यात अखेरचा शब्द कोणाचा, हे सारे ठरविणारा. गंमत अशी, की इस्लामच्या आधीपासून चालत आलेल्या रूढींना नाव मात्र मिळाले ते अरबी! या एका शब्दातच आजच्या आपल्या विषयाचे बीज आहे.

इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटाच्या पश्चिम अंगाला पादांग हे बंदर आणि त्याच्या मागे ज्वालामुखी पर्वतांच्या रांगांमध्ये भातखाचरांचा हिरवागार मुलूख आहे. २०२० च्या शिरगणतीत पश्चिम सुमात्रा प्रांताची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या घरात भरली. तेथील बहुसंख्य लोक मिनांगकाबाऊ जातीचे. ते कट्टर मुसलमान आहेत. पाच वेळा नमाज, रमजानचे रोजे, हजची ओढ, यांत ते कुणालाही हार जाणार नाहीत. आणि त्यांच्यात कूळ चालते ते आईकडून! जगातील मातृवंशीय समाजांत सर्वांत मोठा समाज म्हणून समाजशास्त्रज्ञ त्यांच्याकडे बोट दाखवितात. त्यांच्या गावाला 'नागारी' म्हणतात, ती आपलीच नगरी. मालमत्तेला 'हार्ता' म्हणतात, तो आपलाच अर्थ. चौदाव्या शतकात तेथे आदित्यवर्मन नावाचा बौद्ध राजा राज्य करीत होता आणि त्याचे संस्कृत शिलालेख आजही पाहावयास मिळतात. असो, विषय आज त्या राजाचा नव्हे.

आधी त्यांचे घर समजावून घेऊ. म्हशीच्या शिंगांसारखी टोके उंच उचललेल्या छपराचे जे लांबलचक लाकडी घर असते, त्याचे नाव 'रुमाह गादांग', म्हणजे मोठे घर. या घराची मालकी एका आईच्या वंशातील बायकांची. मुलगी लग्न करून सासरी जात नाही. नवरा तिच्या घरी येतो, आणि जुन्या काळी तर तो केवळ रात्रीचा पाहुणा असे. त्याची भातखाचरे नाहीत, घरात त्याचा शब्द नाही. बुंध्यावरची राख वाऱ्याने उडून जावी तशी त्याची स्थिती, असे तिकडे म्हणतात. पुरुषाचा अधिकार चालतो तो बहिणीच्या घरी. मुलांवर धाक बापाचा नाही, मामाचा; आणि मामाला त्यांच्या भाषेत शब्द आहे 'मामाक'. आपल्या श्रोत्यांपैकी ज्यांचे बालपण आजोळी गेले असेल त्यांना हे फारसे परके वाटणार नाही.

मुलगा दहाबारा वर्षांचा झाला की आईच्या घरात त्याला निजावयास जागा नसे. तो 'सुराऊ'त, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात जाई; तेथेच कुराण शिके, तेथेच लाठी-कुस्ती शिके, आणि मिसरूड फुटले की परमुलखी निघे. या देशांतराला 'मरांताऊ' म्हणतात. जाकार्तात, क्वालालंपुरात पादांगी खाणावळी आढळतात, त्यांचा उगम याच चालीत आहे. ज्याला घरात खोली नाही तो जग पाहतो, आणि परत येतो तो डोक्यात काहीतरी नवे घेऊन. मिनांगकाबाऊंच्या इतिहासात जेवढे म्हणून वैचारिक वादळ उठले, त्याच्या मुळाशी असा एखादा परत आलेला तरुण सापडतो, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी.

आता पेच कोठे आहे ते सांगतो. कुराणातील वारसाहक्काचे वाटे ठरलेले आहेत. बाप मेला की त्याची मुले वारस. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. आदातीप्रमाणे कुळाची जमीन आईकडून मुलीकडे जाते, मुलग्याला ती कसण्याची फार तर परवानगी. आणि पुरुषाचा वारस म्हणावा तर त्याची स्वतःची मुले नव्हेत, बहिणीची मुले! एका घरात हे दोन कायदे कसे नांदावेत? मिनांगकाबाऊंचे एक वचन आहे: आदात शरेवर टेकलेली, शरा अल्लाच्या किताबावर. लोकपरंपरा या वचनाचे नाते मारापालामच्या टेकडीवर झालेल्या समेटाशी जोडते. त्याचे आणखी एक रूप सांगतात, त्यात आदात शरेवर टेकते आणि शराही आदातीवर टेकते, दोघी एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून. दोन रूपांतला फरक एका शब्दाचा. पण त्या शब्दापायी रक्त सांडले आहे.

१८०३ साली तीन हाजी मक्केहून परतले. मक्केत त्यांनी वहाबी पंथीयांचा अंमल पाहिला होता. गावी येऊन पाहतात तो कोंबड्यांच्या झुंजी, जुगार, अफू, आणि वारसा मुलींकडे! त्यांच्याभोवती तापट तरुण जमले आणि 'पाद्री' या नावाने ओळखली जाणारी चळवळ उभी राहिली. गावे जाळली गेली, पागारुयुंगच्या राजकुलाची कत्तल झाली. भयभीत झालेल्या आदातीच्या सरदारांनी १८२१ साली डचांशी तह केला आणि परक्याला घरात घेतले. आम्हां महाराष्ट्रीयांना हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण वसईचा तह १८०२ चा. घरचे भांडण मिटविण्यासाठी बाहेरच्याला बोलावण्याची बुद्धी त्याच वर्षांत इकडेही झाली होती. पुढे १८३३ च्या सुमारास दोन्ही पक्षांना आपली चूक उमजली आणि ते एकजुटीने डचांवर उलटले. पण वेळ गेली होती. १८३७ साली बोंजोल पडले. पाद्रींचा नेता तुआंकू इमाम बोंजोल हद्दपारीत १८६४ साली मनाडोजवळ वारला. त्याच्या नावाने चालत आलेल्या आठवणींत एक प्रसंग आहे. त्याने आपली माणसे मक्केस पाठविली. ती परत येऊन म्हणाली की वहाबींचा अंमल तेथे राहिला नाही. तेव्हा त्याने सभा भरविली, लुटीचा माल ज्याचा त्यास परत केला आणि आदातीच्या वडीलधाऱ्यांना त्यांचे स्थान दिले. ज्याने तलवार उपसली त्यानेच ती म्यान केली, हे विशेष. १९७३ साली इंडोनेशियाने त्याला राष्ट्रवीर म्हणून गौरविले.

पुढचे वादळ लेखणीचे. अहमद खतीब (१८६०–१९१६) हा मिनांगकाबाऊ तरुण मक्केस गेला आणि तेथील मोठ्या मशिदीत शाफी पंथाचा इमाम होण्याइतका चढला. त्याचे म्हणणे साधे आणि जहाल होते: भाच्यांना दिलेली मालमत्ता ही मुलांकडून बळकावलेली मालमत्ता होय. त्याचे शिष्य मात्र गावी परतले. अब्दुल करीम अमरुल्ला ऊर्फ हाजी रसूल (१८७९–१९४५) हा त्यांत मुख्य. या नव्या शिकवणीच्या मंडळींना लोक 'कौम मुदा' म्हणू लागले, म्हणजे तरुणांचा पक्ष. जुन्यांना 'कौम तुआ'. १९११ साली पादांगला 'अल-मुनीर' हे नियतकालिक निघाले, पादांग पांजांगला नव्या शाळा निघाल्या, बाके आणि फळे आले. १९२३ साली तर रहमाह अल-युनुसिया या तेवीस वर्षांच्या तरुणीने मुलींसाठी धर्मशिक्षणाची शाळा काढली. पुढे १९५५ साली कैरोच्या अल-अजहर विद्यापीठाचे प्रमुख ती पाहावयास आले आणि त्यानंतर काही वर्षांतच अल-अजहरने स्त्रियांसाठी शिक्षणाची दारे उघडली. आमच्या मते ही गोष्ट थोडी थांबून विचार करण्याजोगी आहे. ज्या समाजात मुलीला घर आणि जमीन आईकडून मिळत होती, त्याच समाजातल्या मुलीला शाळा काढण्याचे बळ आले, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही.

हाजी रसूलने गुरूचे सारेच म्हणणे उचलले नाही. त्याने कुळाच्या जमिनीवर एक युक्तिवाद काढला, तो वकिलांनी ऐकण्यासारखा आहे. तो म्हणे, वारसा सुरू होतो तो मेलेल्या माणसाच्या मालकीच्या वस्तूंवर. कुळाची जमीन कुणा एकाच्या मालकीची आहेच कोठे? खलीफा उमरने खैबरची जमीन वक्फ करून ठेवली, ती विकावयाची नाही, वाटावयाची नाही, तिच्या उत्पन्नावर लोकांनी जगावे, तशीच ही. तेव्हा तिच्यावर कुराणाचे वाटे लागूच होत नाहीत. युक्तिवाद पटो वा न पटो, त्याने हजारो बायकांची घरे वाचली.

त्याचाच मुलगा हामका (१९०८–१९८१). बापाशी त्याचे बनले नाही. पोरवयातच तो जावा बेटावर पळाला. पुढे तो नामवंत लेखक झाला. १९३८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'फान डर वेक जहाजाची जलसमाधी' या कादंबरीचा नायक मिनांगकाबाऊ बापाचा, पण आई परजातीची. कूळ आईकडून, म्हणून बापाच्या गावात त्याला कूळच नाही, आणि आवडत्या मुलीचे नातलग त्याला नकार देतात. तरुण वाचकांनी ही कादंबरी डोक्यावर घेतली. त्यांचा राग आदातीवर होता. पण तो प्रेमाच्या पायी आलेला राग होता आणि त्याला धर्माचा आधार सापडला होता, कारण इस्लाम माणसाचे कूळ विचारत नाही.

१९५२ च्या मे महिन्यात बुकितिंगी येथे धर्मपंडित, कुळांचे मुखिया आणि सुशिक्षित अशा तिन्ही वर्गांची बैठक होऊन तडजोड ठरली. मालमत्तेचे दोन प्रकार पाडले. पिढ्यान्‌पिढ्या आलेली ती 'उंच' मालमत्ता. ती आदातीप्रमाणे आईच्या वंशात राहील. स्वतःच्या कष्टाने मिळविलेली ती कुराणाच्या वाट्यांप्रमाणे मुलाबाळांत वाटली जाईल. १९६८ साली पादांगच्या परिषदेत यावर पुन्हा शिक्कामोर्तब झाले. बापाला आपली मुले सापडली आणि बहिणीचे घरही राहिले.

येथे आम्हांला मुंबईची आठवण होते. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि कच्छी मेमन यांचे खटले चालले. खोजांच्या मुली म्हणत होत्या, कुराणाने आम्हांला वाटा दिला आहे तो द्या. पुरुष म्हणत होते, आमच्या जातीत मुलीला वाटा देण्याची वहिवाट नाही. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी वहिवाट उचलून धरली आणि मुली हरल्या. पोटगी आणि लग्नखर्च एवढ्यावर त्यांची बोळवण झाली. १९३७ साली शरियत कायदा आला तेव्हाही मूळ कायद्यातून शेतजमीन वगळण्यात आली. म्हणजे मुंबईत मुलीचा आधार शरा, आणि बुकितिंगीत मुलीचा आधार आदात! रूढी म्हणजे जुलूम आणि ग्रंथ म्हणजे न्याय, किंवा याच्या उलट, अशी समीकरणे हाती धरून बसणाऱ्या सुधारकांनी आणि सनातन्यांनी ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. कायद्याचे नाव विचारण्याआधी जमीन कुणाच्या पायाखालून जाते ते पाहिले पाहिजे.

मग आजचा मिनांगकाबाऊ तरुण काय म्हणतो? जाकार्तात नोकरी करणारा, चुलत-मामे भावंडांना वर्षातून एकदा ईदला भेटणारा, मामापेक्षा बापाच्या पैशावर शिकलेला. त्याला आदात आणि इस्लाम यांतून एक निवडावयाचे आहे, असे मुळीच वाटत नाही. तो त्या दोन्हींचा उपयोग करतो, आणि आळीपाळीने.

उदाहरण पाहा. एकाच कुळातील मुलामुलीचे लग्न आदातीला मंजूर नाही, मग ती दोघे शंभर कोसांवरच्या दोन गावची का असेनात. इस्लामला त्यात काही हरकत नाही. शहरात दोघे भेटतात, प्रेम जमते, आणि मग कळते की कूळ एकच. मुलगा म्हणतो, कुराणात याला बंदी कोठे आहे? वडीलधारे म्हणतात, गावाबाहेर काढू, दंड करू. आपल्याकडे सगोत्र विवाहाची अडचण १९४६ च्या कायद्याने दूर केली. परंतु आजही कितीजण पत्रिकेबरोबर गोत्र विचारतात, हे आपण जाणताच.

दुसरे उदाहरण पारिआमान या किनाऱ्यालगतच्या भागातले. तेथे लग्नात वधूपक्ष वराला पैसे देऊन आणतो. 'आणण्याचे पैसे' असे त्याचे नावच आहे, आणि वराच्या घराण्याच्या मानाप्रमाणे, आता शिक्षण-नोकरीप्रमाणे, आकडा चढतो. जुन्या रिवाजात वराकडचे लोक नव्या सुनेला सोने-नाण्याच्या रूपाने परतफेड करीत. पण त्याच्या जोडीला 'बुडीत पैसे' म्हणून एक बाब शिरली, ती परत येत नाही. मुली विचारतात, इस्लाममध्ये मेहर तर वराने वधूला द्यावयाची, मग हे उलटे कोठून आले? प्रश्न रास्त आहे. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा करूनही ज्यांच्या घरी हुंडा 'भेट' या नावाने येतो, त्या आम्हां मंडळींना तरी त्यावर हसण्याचा अधिकार नाही.

मात्र हीच मुलगी जेव्हा घराच्या वाटणीचा प्रश्न येतो तेव्हा आदातीच्या बाजूला उभी राहते. भाऊ म्हणतो, कुराणाप्रमाणे मला दोन वाटे. ती म्हणते, हे घर आजीचे, त्याला वाटे नाहीत. यात कुणाला ढोंग दिसेल. आम्हांला दिसत नाही. मामा जसा आदातीचा आधार घेऊन अधिकार गाजवितो आणि स्वतःच्या मुलांसाठी मात्र शरेप्रमाणे तजवीज करतो, तसाच हाही व्यवहार आहे. फरक इतकाच की मुलीजवळ गमावण्यासारखे अधिक आहे. नवऱ्याने सोडले, परमुलखी गेलेला परत आला नाही, तर तिचे छप्पर तेवढेच.

काही बापही यातून वाट काढतात. कष्टाने बांधलेले घर मृत्यूनंतर दोनास-एक वाटले जाईल हे जाणून ते हयातीतच मुलीच्या नावे हिबा, म्हणजे बक्षीस, करून देतात. हिबा शरेला मान्य, आणि घर मुलीकडे गेले म्हणून आदातही खूश! शिवाय १९९१ साली सरकारने इस्लामी कायद्याचे जे संकलन काढले, त्यात मुलाला दोन, मुलीला एक हे वाटे ठेवूनही अशी सोय आहे, की प्रत्येकाला आपला वाटा किती हे कळल्यावर वारसांनी आपसांत निराळी वाटणी ठरवावी.

एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. आदात शरेवर टेकलेली, हे वचन आता अधिकाऱ्यांच्या हाती लागले आहे. २०२२ च्या पश्चिम सुमात्रा प्रांताच्या कायद्यात ते उतरले आहे. त्याच्या आदल्याच वर्षी पादांगच्या एका सरकारी शाळेत ख्रिस्ती मुलीला डोक्यावरून रुमाल घेण्याची सक्ती झाल्यावरून देशभर गदारोळ उठला. तीन मंत्र्यांनी मिळून अशी सक्ती करण्यास मनाई केली, ती मनाई त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. ज्या वचनाने दोन शतकांपूर्वी घरातले भांडण मिटविले, त्याच्या जोरावर शेजाऱ्याच्या मुलीच्या डोक्यावर काय असावे हे ठरविणे, हा त्या वचनाचा विस्तार नसून संकोच आहे, असे आम्ही तरी म्हणू.

आता शेवटची, पण सर्वांत अवघड बाब: जमीन. आदातीप्रमाणे उंच मालमत्ता विकता येत नाही; गहाण टाकता येते, तीही चार कारणांसाठी. घरात प्रेत पडले आहे आणि मूठमातीला पैसा नाही. मुलगी लग्नाची झाली आहे. मोठे घर गळते आहे. कुळाचा मानाचा किताब मोकळा पडला आहे. चार कारणे ज्याने ठरविली त्याला माणसाच्या गरजा आणि त्याचा अभिमान दोन्ही ठाऊक होते. पण या व्यवस्थेला एक दुसरा ओघ होता, तो फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पूर्वी एका पिढीने मिळविलेली जमीन दोन-तीन पिढ्यांनी आपोआप कुळाच्या उंच मालमत्तेत जमा होई. विहिरीतून पाणी काढले जाई, तसा झराही वाहता होता. १९५२ च्या तडजोडीने कष्टार्जित जमिनीचे मुलाबाळांत वाटे पडू लागले आणि तो झरा बारीक झाला. कुळे वाढतात, खाचरे तेवढीच राहतात. एका आजीच्या शेतावर आज वीस नाती हक्क सांगतात, आणि कुणाच्या वाट्याला वर्षाआड एक हंगाम येतो.

त्यात १९६० च्या जमीन कायद्याने नोंदणी आली, दाखले आले. आपल्याकडे सातबारा तसा तिकडे हा दाखला. बँक कर्ज देते ते त्यावर. कुळाच्या जमिनीचा दाखला करावयाचा तर नाव कुणाचे घालावे? कुळाचा मुखिया मामा, म्हणून त्याचे नाव घालतात. मामा वारला की त्याची मुले तो कागद घेऊन उभी राहतात, बाप मालक होता, आम्ही वारस, आम्हांला शरेप्रमाणे वाटे द्या! तेथील तरुण वकील आणि गावच्या पंचायती सध्या याच कागदांत गुंतल्या आहेत. काही घरांनी आता मामाच्या नावाखाली घरातल्या सर्व बायकांची नावे लिहून घ्यावयास सुरुवात केली आहे, अगदी पाळण्यातल्या मुलीपर्यंत.